शेवटची बारा पानं

संयोगिताला बघायला पाव्हणं यायचं होतं, अन् ती गोठ्यामागं बसून कादंबरीची शेवटची बारा पानं वाचत होती. गोष्ट पुढच्या शतकातली. तिथलं सरकार लय हुशार, अठरावं लागलं की पोरीला नवरा नेमून देतं. नायिका काय केल्या ऐकत न्हाई. आता ती निसटते कशी, एवढंच संयोगिताला आजच्या आज पायजे होतं.

"पाव्हणं लोणंदच्या फाटकात अडकल्यात. तवर साडी तरी नेस गं," आईनं हाळी दिली.

शेवटच्या पानावर नायिका त्या नेमलेल्या नवऱ्याच्याच प्रेमात पडली.

संयोगितानं मुकाट साडी नेसली, पोहे नेऊन ठेवले.

पोराच्या बापानं कौतुकानं विचारलं, "छंद काय हाय पोरी?"

"वाचन," ती म्हणाली. "सकाळपर्यंत व्हतं."