चढावरची करकर

"पोरा, तू गिअरबॉक्स बसवलास की कॉफीचं जातं?" डॉन एलादियो तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात उभे होते. "आद्हुन्तासच्या चढावर अजून करकर करतंय."

दोनदा मी तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खाली उतरवला होता. बोल्ट आवळले, तेल बदललं, लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून आतली चाकं ऐकली. मी चालवली की गाडी गप्प. आवाज येतो तो फक्त ते चालवताना, असं त्यांचं म्हणणं. तोही एकाच वळणावर, केळ्यांच्या टपरीपाशी.

जुना गिअरबॉक्स त्याच वळणावर निकामी झाला होता, त्यांच्या बायकोला, दोन्या नेलीदांना, पोन्सेच्या इस्पितळात नेताना. अँब्युलन्स पोचेपर्यंत त्यांनी गाडीतच प्राण सोडला. त्याआधी पंधरा दिवस, "अजून सहा महिने सहज ओढेल" असं मीच सांगितलं होतं. त्यावरून डॉन एलादियो मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

आज मी त्यांच्या शेजारी बसून निघालो. टपरी दिसली आणि खरंच करकर सुरू झाली. त्यांनी गाडी कडेला उभी केली. स्टिअरिंग काही सोडलं नाही, नुसतं मानेनं बॉनेटकडे खुणावलं, म्हणजे ऐक आता.

मी हात लांबवून चावी फिरवली.



इंजिन बंद झालं. डॉन एलादियोंच्या दातांची करकर चालूच राहिली.