कानातले पाहुणे

"नाही जाणार! हे माझं घर आहे!"

पडद्यापलीकडे, घरातल्याच शिवणाच्या दुकानात दीर ओरडला आणि ती पाळण्याकडे धावली. पाळण्यात बाळ झोपलं होतं. दिराच्या हातात कापड बेतायची मोठी कात्री होती. आणि दुकानात दुसरं कुणीच नव्हतं.

त्याला आवाज ऐकू येतात, हे लग्नाआधीच सांगितलं होतं. लपवाछपवी नव्हती. सासू तर खुशाल चेष्टा करायची, "काय रे, आज काय म्हणतात तुझे पाहुणे?" तोही हसून सांगायचा, "म्हणतात, आंघोळ कर. काज वाकडं झालंय, उसव." वेळेवर गोळ्या, दिवसभर काजं-बटणं, असं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं म्हणे. पण हिची भीती काही जाईना. बाळ झाल्यापासून तर तो पाळण्याजवळ आला की ही बाळाला घेऊन खोलीत जायची. खोलीचं दार लावून ती रोज नवऱ्याच्या कानीकपाळी ओरडायची, "भाऊजींना कुठेतरी नेऊन ठेवा. नाहीतर मी तरी जाते."

हल्ली तर त्याचं हसणंही बंद झालं होतं. पाहुण्यांशी भांडायला लागला होता. "बघा, मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. शेवटी आज नवरा आणि सासू त्याच्यासाठी तशी एक जागा बघायला गेले होते.

पडदा सरकला. तो कात्री घेऊन दारात उभा, घामाने निथळत. तिने बाळाला उचलून छातीशी धरलं. पळणार कुठे? मागे दारच नव्हतं.

"वहिनी, त्यांना गप्प बसायला सांगा ना." त्याने मोकळा हात कानावर दाबला. "पूर्वी असं बोलत नव्हते हो. आता दिवसभर एकच. जा, निघून जा."

"कोण म्हणतं असं?" तिने कसंबसं विचारलं.

तो खाली मान घालून म्हणाला, "आवाज तुमचा आहे."

त्याच्याशी ती कधी चकार शब्द बोलली नव्हती. चांगला नाही, वाईट नाही. पहिल्यांदाच तिला स्वतःची भीती वाटली.

तिने बाळाला पाळण्यात ठेवलं.

"भाऊजी, ती कात्री ठेवा आणि हात धुऊन या. जेवण गार होतंय."

त्याने दचकून वर पाहिलं. तिच्या ओठांकडे तो टक लावून बघत राहिला.

"वहिनी, हे तुम्हीच म्हणालात ना?"