खालच्या आळीत पाणी

"अहो, नदी घरांत शिरली!" दिपाली बाल्कनीतून ओरडली. गणराज हात पुसत धावला.

घरं म्हणजे फळीवरची. निगडीच्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीत, चार बाय तीनच्या प्लायवूडवर, त्याच्या सासऱ्यांचं अख्खं गाव बसलं होतं. आगकाड्यांचे वासे, मातीच्या भिंती, नखाएवढी दारं, वरच्या अंगाला मोकळा माळ. खरं गाव पन्नास वर्षांपूर्वी धरणात गेलं. फोटो म्हणाल तर एकही नाही. वर्षभर दर रविवारी बबनराव शेजारी स्टुलावर बसून सांगत आणि जावई बनवत असे. "हितं न्हाई, बोटभर अलीकडं." देऊळ तर दोनदा उचलून हलवलं होतं. आज फक्त नदी ओतायची होती, काचेसारखं गोठणाऱ्या रेझिनची. जेवण करून म्हातारा आत झोपला होता. उठला की त्याला वाहती नदी दाखवायची, असा बेत.

आणि तिथंच माती खाल्ली. गणराज चाकणच्या एका कंपनीत पेंटशॉपला. पंधरा वर्षांची सवय, रंग घट्ट वाटला की थिनर मारायचा. रेझिन मधासारखं ओघळत होतं, हात आपोआप बाटलीकडे गेला. नदीचा काठ थर्माकोलचा. थिनरनं थर्माकोल विरतं हे गणराजला माहीत नव्हतं थोडंच? मेल्या हाताच्या लक्षात आलं नाही, एवढंच. काठाला भगदाड पडलं आणि रेझिन सुटलं ते थेट खालच्या आळीत.

त्यानं चिंध्यांचे बोळे कोंबले. चमच्यानं उपसून पाहिलं, तर चमच्याबरोबर एक भिंतच आली.

"काहीतरी करा. आबा उठायच्या आत करा," दिपाली म्हणाली.

पण आबा उठले होते. बाल्कनीच्या दारात, चौकटीला धरून उभे.

गणराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, चुकलं माझं. माझ्याच हातानं..."

बबनरावांनी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. स्टूल ओढून ते फळीपाशी बसले. "घट्ट व्हायला किती येळ हाय?"

"अर्धा तास. फार तर."

"मंग पुसत नगं बसू. पानी काय पुसून जातंय व्हय? आदी दारं काढ. मग वासे. भिंती ऱ्हाऊ देत, भिंती कुनी नेत नसतं."

गावात कुणाचा उंबरा उंच, कुणाच्या परसात शेवगा, सगळं त्यांनी सांगितलं होतं. पाणी आलं त्या दिवसाबद्दल मात्र कधी अवाक्षर नाही. गणराजनंही विचारलं नव्हतं. आता म्हातारा घरामागून घर बोटानं दाखवू लागला, गणराज चिमट्यानं दारं-वासे उचलू लागला आणि दिपाली ते स्टीलच्या ताटात ठेवू लागली.

नदीकडेचं चौसोपी घर बबनरावांचं. रेझिन त्याच्या पायरीला लागलं होतं.

"मामा, आता तुमचं काढतो."

बबनरावांनी त्याचं मनगट धरलं. "न्हाई. पयलं अंबुबाईचं."

अंबुबाईचं म्हणजे चिंचेखालची एक खोली. करताना ते फक्त नाव बोलले होते, तिची बाकी काही गोष्ट सांगितली नव्हती.

"त्या येळी आमी चौघं भाव व्हतो," बबनराव म्हणाले. डोळे फळीवरच. "दीड दिसात आपलं घर उतरवलं. वासा न् वासा गाडीत घातला. ती दारात हुबी. बिनमानसाची बाई. म्हनली, बबन, माझं आढं तेवढं काढून दे रं, नव्या जागंला छप्पर तरी घालीन. मी म्हनलं, आलोच. आलोच म्हनलं, आन् गाडीत चढून बसलो."

"मग तिचं?" दिपालीनं विचारलं.

"दोन पावसाळे गोणपाटाखाली काढले तिनं. तिसरा न्हाई बघितला."

दिपालीला हे आज पहिल्यांदा कळत होतं.

गणराज चिंचेखाली वाकला. दार निघालं, चार वासे निघाले. आढं निघेना. रेझिन आता तार धरू लागलं होतं, चिमटा उचलला की मागे धागे येत. तो सुईनं आढ्याच्या कडा सोडवू लागला. एक बाजू सुटली की दुसरी धरे. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला, तो पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"अहो, आबांचं घर बघा! दारापर्यंत आलं!"

गणराजनं मान वर केली. "मामा, अजून निघेल तुमचं. पाच मिनिटं आहेत."

"आढं सोडू नगं," बबनराव म्हणाले.

शेवटी ते आलं, अख्खं, न मोडता. गणराजनं ते ताटात ठेवलं आणि तसाच चौसोपी घराकडे वळला. दाराला चिमटा लावला. दार हललं नाही. आणखी ओढलं असतं तर मोडलंच असतं.

"तुमचं राहिलं, मामा," तो म्हणाला. त्याला रडू येत होतं.

"आमचं ऱ्हाऊ दे पान्यात," बबनराव म्हणाले. "अंबुबाईला वर माळावर जागा बघ."