नवरा नको म्हणून अर्ज

“लिहा,” बाई म्हणाल्या. “नवरा नको.”

कोर्टाच्या जिन्याखाली बसणाऱ्या टायपिस्टने मशीनमध्ये कागद आधीच चढवून ठेवला होता. त्याने समोरच्या खुर्चीवरची उशी थोपटली आणि बाई बसल्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवल्यामुळे समोरचा माणूस कितीही म्हातारा असला तरी तो बाकावर उभा आहे, असंच धरून त्या बोलायच्या.

“कारण लागतं,” टायपिस्ट म्हणाला.

कारणांची बाईंकडे काय वाण? नवरा परवा न सांगतासवरता निघून गेला, हे पहिलं. तो घरात होता तेव्हाही नसल्यासारखाच होता, हे दुसरं. आपण बोलायला लागलो की तो पेपर उघडायचा आणि पेपराच्या मागून ‘हं’ म्हणायचा. बारा वर्षांत त्याने किती ‘हं’ केले असतील याचा बाईंनी हिशोबही मांडून दाखवला. उत्तर पाच आकडी आलं.

“एकदा मी म्हटलं, स्वयंपाकघरात आग लागलीय. तरी हं.”

टायपिस्टची बोटं थांबली. “लागली होती?”

“लागली नव्हती. पण लागली असती तर?”

त्याने तेही टाइप केलं. माणूस मोठा सोशिक होता. मध्ये तोंड घालत नव्हता, घड्याळाकडे बघत नव्हता. असा एखादा विद्यार्थी वर्गात असता तर बाईंनी त्याला मॉनिटर केलं असतं.

मग बाईंनी आवाज खाली आणला. खरी गोष्ट पुढेच होती. नवरा गेला आणि त्याच्या जागी घरात कोणीतरी आलं. म्हातारं, पोक आलेलं, पायात आवाज न करणाऱ्या सपाता. चांगलं दिवसाढवळ्या फिरतं. आपण खोलीत जावं तर ते आधीच तिथे उभं. आपण शेगडी पेटवून वळावं, तर मागे ती विझलेली. मीठ आपल्याला सापडत नाही, त्याला बरोबर सापडतं. कपाटाच्या दारांवर रातोरात चिठ्ठ्या उगवल्यात, डाळ, साखर, कपबश्या, आणि त्याही छापील.

“हल्ली भुतंसुद्धा अक्षर सुधारायच्या भानगडीत पडत नाहीत,” बाई म्हणाल्या. “आणि माझ्या घराची किल्ली त्याच्या खिशात. तिला लाल लोकर मी बांधलेली आहे, माझ्या हाताने.”

“त्रास देतं का?”

“जेवायला वाढतं.”

“मग?”

“बघत बसतं हो. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत असल्यासारखं. नवऱ्याचा निकाल लागला की घर विकून बहिणीकडे जाईन. एक दिवस राहायचं नाही मला तिथे.”

टायपिस्टने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. म्हणाला, अर्ज तयार आहे, पण आधीचं काही प्रकरण नाही ना, ते वर रेकॉर्डच्या खिडकीवर विचारून यावं लागेल. नियम आहे.

बाई वर गेल्या. वरची बोळकांडी लांबलचक आणि रिकामी होती. दोन्ही बाजूंना छतापर्यंत गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यात कोणा दोघांचं भांडण बांधून ठेवलेलं. बाईंना वाटलं, आपण थांबलो तर ती सगळी एकदम बोलायला लागतील. दारावरचा शिपाई त्यांना पाहताच उठला आणि न विचारता खिडकी दाखवून मोकळा झाला. खिडकीतल्या कारकुनाने ना शिडी लावली, ना रजिस्टर उघडलं. टेबलाचा खण ओढून वरचाच कागद पुढे सरकवला.

“घ्या नक्कल. घटस्फोट झालाय तुमचा, बाई. एकतीस वर्षं झाली.”

बाईंनी खिडकीची कड धरली. “मग माझ्या घरात कोण आहे?”

“ते आमच्या रेकॉर्डला नसतं,” कारकून म्हणाला आणि मान खाली घालून नसलेलं काम करू लागला.

बाई कागद घेऊन खाली आल्या. टायपिस्टने तो वाचून दाखवला. वाचला कसला, जवळजवळ पाठच म्हटला. नवऱ्याने बारा वर्षांत बायकोचं एकही बोलणं शेवटपर्यंत ऐकलं नाही, सबब अर्ज मंजूर. खाली बाईंची सही होती, गुणपत्रिकेवर करायच्या तशी, ठसठशीत.

“म्हणजे तो गेला नाही,” बाई हळूच म्हणाल्या. “मीच घालवला.”

टायपिस्ट कागदाची घडी नीट करत राहिला.

“तुम्ही ऐकताय ना?”

त्याचे ओठ मिटले, एक ‘हं’ नाकापर्यंत आला आणि त्याने तो गिळला. “ऐकतोय,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत.”

“मग अजून एक ओळ घाला. आग लागली होती. लहानशीच. मी विझवली, हात पोळला, आणि कोणाला सांगितलं नाही.”

टायपिस्टने अर्ज पुन्हा मशीनमध्ये चढवला. मग एकेक अक्षर करत ती ओळ उमटली. बाईंनी सही केली. टायपिस्टने कागद दोन वेळा वाचला आणि पायाशी असलेल्या खोक्यात तशाच सहीच्या अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

“मला घरी एकटीने जायचं नाही,” बाई म्हणाल्या. “ते दार उघडून उभं असेल.”

“नसेल. आज दार बंद आहे.”

त्याने मशीनवर झाकण घातलं, टेबलाखालून सपाता काढून पायात सरकवल्या आणि बाईंना उठायला हात दिला. दुसरा हात खिशात गेला.

“चल,” तो म्हणाला. “मिठाची चिठ्ठी आज मोठ्या अक्षरात केलीय.” आणि त्याच्या बोटांत लाल लोकर लोंबली.