स्कोअर किती?

संध्याकाळी पावणेसहाला गोलकीपरच्या डोक्यावर प्रतिस्पर्ध्याचा गुडघा आदळला. दुसऱ्या श्रेणीतल्या हंगामाचा शेवटचा सामना होता. बरोबरी टिकली की संघ पहिल्या श्रेणीत जाणार होता. बदली खेळाडू संपले होते. फिजिओ धावत गेला. गोलकीपर त्याच्या बहिणीचा नवरा. "दाजी, स्कोअर किती?" डोक्याला मार लागला की विचारायचा हा नेहमीचा प्रश्न. दाजींची नजर आधी त्याच्या खांद्यावरून गुणफलकाकडे गेली. "एक-एक. उठव मला." फिजिओने ते पाहिलं. "खेळेल ना रे?" प्रशिक्षक ओरडला. फिजिओने अंगठा वर केला. बरोबरी टिकली. बसमध्ये पोरं नाचत असताना दाजींनी हातमोजे चढवले. "चल, मॅच सुरू होईल." फिजिओ सोडून सगळे हसले. दाजी अजून अतिदक्षता विभागात आहेत. बाहेर, हातमोजे मांडीवर घेऊन बसलेल्या भावाला बहीण विचारते, "तू नीट तपासलं होतंस ना?"