हणमव्वांचा हात

चंद्रावरच्या बोगद्यात यंत्राच्या हादऱ्याने छत खाली यायचं, म्हणून दगड हातानेच फोडायचा होता. शाहीन अत्तारने हातोडा उचलला, पण पोशाखाच्या यांत्रिक हातमोज्याने तिचा दुसरा हात आधी दगडाला टेकवला आणि मग कपाळाकडे नेला. शिरस्त्राणाच्या काचेवर टक्कन वाजलं.

तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा तिने पृथ्वीवर कळवलं, "मोज्यात बिघाड आहे."

त्या मोज्यात हणमव्वा कुसाळकरांच्या हातांच्या हालचाली नोंदवून त्यांचं कसब भरलेलं होतं. वडार वस्तीतल्या हणमव्वांनी चाळीस वर्षं खाणीत दगड फोडला होता, पण त्याला कुणी अनुभव म्हणत नसे. मोजे आले आणि हणमव्वा प्रशिक्षण केंद्राच्या मुख्य शिक्षिका झाल्या. त्यांच्याच हाताखाली शिकून शाहीन आज बोगद्याची प्रमुख झाली होती.

पडद्यावर हणमव्वा संकोचल्या. "बिघाड नाही गं पोरी. पहिल्या घावाआधी मी दगडाच्या पाया पडते. जुनी सवय. पुसून टाकायला सांगते."

"मिनिटाचं काम आहे," त्यांच्या शेजारचा तंत्रज्ञ म्हणाला.

"राहू द्या मावशी," शाहीन म्हणाली.

तिने घाव घातला. दगड शिरेवर सरळ दुभंगला आणि छत जागचं हललं नाही.

शाहीनने मोजा बंद केला. मग पडद्याकडे बघत तिने हात कपाळाशी नेला, घरातल्या थोरांना आदाब करताना न्यायची तसा. काच पुन्हा वाजली.

"मोजा चालूच राहिला वाटतं," तंत्रज्ञ म्हणाला.

"नाही," शाहीन म्हणाली, "बंद आहे."