शेऱ्याचा रकाना

“मामा, हे ‘अंग गुलाबी’ तुम्ही लिहिलंत?” शर्वरीने शवागाराचं रजिस्टर पुढे धरत विचारलं.

तिथले जुने शिपाई सोपानमामा ओशाळले. “चुकलं का, मॅडम? डॉक्टरही चिडवतात, मामा, रंगपंचमी आहे का म्हणून. पण दिसलं ते लिहिलं.”

रुग्णालयातल्या मृत्यूंच्या नोंदींचं विश्लेषण हे शर्वरीचं बारा वर्षांचं काम. तिच्या संगणकात शेऱ्याचा रकानाच नव्हता. तिथे तिघं तरुण वेगवेगळ्या तारखांना, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या सहीने हृदयविकाराने गेले होते. रजिस्टरात मात्र तिघांपुढे मामांचा एकच शेरा होता. पत्ता एकाच वसाहतीचा आणि तिघंही बाथरूममध्ये सापडलेले. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरच्या कोंडलेल्या विषारी वायूने अंगाला असाच रंग येतो, हे तिला ठाऊक होतं.

तिने लगेच वरिष्ठांची सही घेऊन वसाहतीला गॅस गीझरच्या धोक्याचं पत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहतीचे सेक्रेटरी ते घेऊन दारोदार फिरले. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी आंघोळीला गेली होती आणि हाकेला ओ देत नव्हती. त्यांनी दार तोडलं.

आठवड्याने ती मुलगी आईबरोबर पेढे घेऊन आली. शर्वरीने दोघींना थेट मामांकडे नेलं. “यांना द्या. यांनी लिहिलं म्हणून मला कळलं.”

मामा मुलीकडे बघतच राहिले. “आमच्या दारात पेढे घेऊन कुणी येत नाही गं, पोरी. थांब, हात धुऊन येतो.”

आतला नळ बराच वेळ वाहत राहिला.